‘कुठला?’ विचारा, मग कॉमा द्या

गेल्या महिन्यात भाची घरी आली, परदेशात मास्टर्सला अ‍ॅप्लाय करतेय, त्याचं एसओपी, म्हणजे अर्जासोबत जोडायचा ‘मला हे का शिकायचंय’ असा निबंध, घेऊन आली होती. "मावशी, फक्त ग्रामर बघ, बाकीचं सगळं झालंय" म्हणाली. पहिल्याच पॅरामध्ये वाक्य होतं, ‘माय फादर हू इज अ फार्मर टॉट मी टू वर्क हार्ड.’ मी पेन्सिलीने फादरनंतर एक कॉमा दिला आणि फार्मरनंतर एक. तिने विचारलं इथे कशाला, तर मी तिलाच विचारलं, "तुला बाबा किती?" ती दोन सेकंद बघत राहिली, मग म्हणाली, "एकच की." मग म्हटलं त्याच्यासाठीच हे दोन कॉमे आहेत बाई.

कारण कॉमे नसताना ते वाक्य इंग्रजी वाचणाऱ्याला असं ऐकू येतं की माझे जे वडील शेतकरी आहेत त्यांनी मला कष्ट करायला शिकवलं, म्हणजे दुसरे कुणी वडील असावेत जे शेतकरी नाहीत. कुणी तसा अर्थ खरोखर घेणार नाही हे मान्य, पण अ‍ॅडमिशनचे अर्ज वाचणाऱ्या माणसाला तिथे खडा लागतो आणि हिचं इंग्रजी कच्चं आहे अशी नोंद मनात होते. मी गेली दहा-बारा वर्षं लोकांचं इंग्रजी तपासायचं आणि मराठीतून इंग्रजीत भाषांतर करायचं काम करते, रेझ्युमे, एसओपी, कोर्टाचे कागद, कंपन्यांचे रिपोर्ट, आणि स्पेलिंगच्या चुका आता सॉफ्टवेअर पकडतं पण ही कॉमाची चूक जवळजवळ प्रत्येक कागदात सापडते, चांगल्या शिकलेल्या माणसांच्या कागदातसुद्धा. म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट सविस्तर लिहून काढावं. इंग्रजी वाक्यं मी देवनागरीतच लिहितेय, आपल्याला कॉमा कुठे पडतो तेवढंच बघायचंय.

मूळ घोटाळा शाळेतून येतो. आपल्याला शिकवलं होतं की वाचताना जिथे थोडं थांबतो, श्वास घेतो, तिथे स्वल्पविराम. मराठीत त्याच्यावर बऱ्यापैकी भागतं. इंग्रजीत मात्र हू किंवा विच लागून जे छोटं उपवाक्य येतं त्याच्याभोवतीच्या कॉमाचा श्वासाशी संबंध नाही, त्याचा संबंध मोजणीशी आहे. कॉमा नसेल तर वाचणारा समजतो की अशी माणसं किंवा वस्तू आणखी आहेत आणि तुम्ही त्यातली एक निवडून दाखवताय. कॉमा असेल तर तो समजतो की आहे ती एवढीच, किंवा कोण ते आधीच कळलेलं आहे, आणि ही वरची माहिती तुम्ही जाता जाता दिलीत. बस, सगळा विषय एवढाच आहे, पुढे मी जे काही सांगणार ते ह्याचीच उदाहरणं.

‘माय ब्रदर हू लिव्ह्ज इन पुणे इज अ डॉक्टर.’ मला भाऊ एकाहून जास्त, त्यातला पुण्याचा डॉक्टर.
‘माय ब्रदर, हू लिव्ह्ज इन पुणे, इज अ डॉक्टर.’ मला भाऊ एकच, तो डॉक्टर, आणि हो, राहतो पुण्याला.

शब्द तेच, क्रम तोच, फक्त दोन कॉम्यांनी एका घरातल्या भावांची संख्या बदलली.

व्याकरणाच्या पुस्तकांत ह्याला वेगवेगळी नावं आहेत, कुठे इसेन्शियल आणि नॉन-इसेन्शियल, कुठे रिस्ट्रिक्टिव्ह, कुठे डिफाइनिंग, सगळं एकच. मराठीत कुणी आवश्यक आणि अनावश्यक म्हणतात पण मला अनावश्यक हा शब्द पटत नाही, कारण भाचीच्या वाक्यात वडील शेतकरी आहेत हीच तर सगळ्यात मोलाची गोष्ट आहे, ती अनावश्यक कशी? फक्त वडील कोण हे ओळखायला तिची गरज नाही. म्हणून मी आपली ओळखीचं उपवाक्य आणि माहितीचं उपवाक्य असं म्हणते. ओळखीच्याला कॉमा नाही, माहितीच्याला कॉमा.

आता आपण मराठी माणसं इथेच का अडखळतो तेही बघा, कारण ते कळलं की अर्धं काम झालं. मराठीत आपण म्हणतो ‘पुण्यात राहणारा माझा भाऊ डॉक्टर आहे’ आणि ह्या एका वाक्यात दोन्ही अर्थ बसतात, एक भाऊ असला तरी चालतं, चार असले तरी चालतं, ऐकणारा संदर्भावरून समजून घेतो, वाक्य काही सांगत नाही. तेच डोक्यात ठेवून आपण इंग्रजी लिहितो आणि कॉमा राहून जातो. पण मराठीतही वेगळं सांगायचं झालं की आपण ते सांगतोच ना, ‘जो भाऊ पुण्यात असतो तो डॉक्टर आहे’ असं म्हटलं की लगेच कळतं दुसराही कुणी आहे, आणि ‘माझा भाऊ डॉक्टर आहे, पुण्याला असतो’ असं दोन तुकड्यांत सांगितलं की कळतं हा एकच. तर वाक्य मनात मराठीत बोलून बघा. जो-तो लावल्याशिवाय अर्थ जमत नसेल तर इंग्रजीत कॉमा नको, आणि दोन वेगळी वाक्यं केली तरी अर्थ शाबूत राहत असेल तर कॉमा हवा.

ह्याहून सोपी परीक्षा म्हणजे ‘कुठला?’ हा प्रश्न. उपवाक्यावर बोट ठेवा, ते झाका, उरलेलं वाक्य शेजारच्या माणसाला वाचून दाखवा. ‘द बॉय वन द प्राइज.’ समोरचा लगेच विचारेल कुठला मुलगा? मग तुम्ही जे झाकलंय ते ओळखीचं होतं, ‘द बॉय हू सिट्स बाय द विंडो वन द प्राइज’, कॉमा नाही. आता हे घ्या, ‘माय मदर वन द प्राइज.’ कुठली आई असं कुणी विचारत नाही, म्हणून ‘माय मदर, हू इज ७०, वन द प्राइज.’

आणि दुसरी परीक्षा, जी माझ्या विद्यार्थ्यांना जास्त आवडते, ती ‘बरं का’ची. उपवाक्यात मनातल्या मनात ‘बरं का’ घालून बघा. माझी आई, सत्तर वर्षांची आहे बरं का, बक्षीस मिळवून आली. छान बसलं, म्हणजे कॉमा हवा. खिडकीशी बसतो बरं का तो मुलगा, हे बसत नाही, कारण तिथे आपण जास्तीची बातमी देत नसून बोट दाखवतोय. इंग्रजी बोलणारा माणूस माहितीचं उपवाक्य बोलताना आवाज थोडा खाली घेतो, आपण ‘बरं का’ म्हणताना घेतो तसाच, बीबीसीवरच्या बातम्या ऐकताना मुद्दाम लक्ष द्या, कळेल.

चुकलं तर काय होतं ते आमच्याच सोसायटीत झालं. बोर्डावर नोटीस लागली, ‘मेंबर्स, हू हॅव्ह नॉट पेड द मेंटेनन्स, विल नॉट बी अलाउड टू पार्क इन द कॉम्पाउंड.’ कमिटीला म्हणायचं होतं की ज्यांनी मेंटेनन्स भरला नाही त्यांना पार्किंग नाही. पण त्या दोन कॉम्यांमुळे नोटीस असं म्हणत होती की मेंबर्सना पार्किंग नाही, सगळ्यांनाच, आणि जाता जाता, कुणीच पैसे भरलेले नाहीत. पहिल्या मजल्यावरचे एक काका, आयुष्यभर इंग्रजीतून सरकारी पत्रव्यवहार केलेले आणि दर तिमाहीला पहिल्या आठवड्यात चेक देणारे, ते पावती घेऊन खाली आले आणि मला म्हणाले, "वहिनी, हे वाचा, मी बुडव्या आहे का?" त्यांना खरोखर लागलं होतं आणि त्यांचं बरोबर होतं. दोन्ही कॉमे काढून नोटीस परत लावली तेव्हा ते शांत झाले. बहुवचनात ही चूक जास्त महाग पडते हे लक्षात ठेवा, ‘एम्प्लॉईज, हू कम लेट,’ असं लिहिलंत तर सगळा स्टाफ लेट येतो असं तुम्ही लिहून दिलंत, ‘स्टुडंट्स, हू फेल्ड,’ म्हटलंत की अख्खा वर्ग नापास.

विशेषनामांचं सोपं आहे. नाव घेतलं की ओळख पटली, म्हणून पुढे जे येईल ते माहितीचं. ‘सचिन तेंडुलकर, हू स्कोअर्ड १०० इंटरनॅशनल सेंच्युरीज, रिटायर्ड इन २०१३.’ ‘कळसूबाई, विच इज १,६४६ मीटर्स हाय, इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र.’ कुठला तेंडुलकर, कुठली कळसूबाई असं कुणी विचारणार नाही. पण आमच्या बी विंगमध्ये एक सचिन आहे आणि सी विंगमध्ये दुसरा, तिथे मात्र ‘द सचिन हू लिव्ह्ज इन बी विंग’, कॉमा नाही, कारण आता नावाने ओळख पटत नाही, विंगने पटते. आणि नाव न घेता ‘द पीक दॅट वी क्लाइम्ड लास्ट संडे’ म्हटलं तर तिथेही नाही, सह्याद्रीत शिखरं काय कमी आहेत का.

हाच नियम हू-विच नसतानाही लागतो, नुसतं नाव शेजारी ठेवलं तरी, आणि इथे मला सगळ्यात जास्त मजा येते कारण कॉमा द्यायचा की नाही हे ठरवायला इतिहास माहीत असावा लागतो. समजा शिवाजी महाराजांवर इंग्रजीत निबंध लिहिताय. ‘हिज मदर, जिजाबाई, वॉज बॉर्न अ‍ॅट सिंदखेड राजा.’ आई एक, म्हणून कॉमे. ‘हिज सन संभाजी वॉज बॉर्न अ‍ॅट पुरंदर.’ इथे नाहीत, कारण महाराजांना मुलगे दोन, संभाजी आणि राजाराम, आणि नाव सांगितल्याशिवाय कुठला ते कळत नाही. आता गंमत बघा, त्याच वाक्यात एल्डर हा एक शब्द टाका, ‘हिज एल्डर सन, संभाजी, वॉज बॉर्न अ‍ॅट पुरंदर’, आता कॉमे परत आले, कारण दोघांत थोरला एकच असतो. तसंच ‘हिज वाइफ सईबाई’ला कॉमा नाही आणि ‘हिज फर्स्ट वाइफ, सईबाई,’ला आहे. शिक्षकांना एक सांगणं, वर्गात नियम पाठ करून घेण्याऐवजी असली चार वाक्यं फळ्यावर लिहा, मुलं वाद घालतात, कुणाला किती भाऊ ते मोजतात, आणि परत कधी विसरत नाहीत. घरगुती लिखाणात ‘माय हजबंड’नंतर लगेच छोटंसं नाव आलं तर पुष्कळ संपादक कॉमे सोडून देतात, मीही पत्रात सोडते, पण व्हिसाच्या आणि बँकेच्या कागदात सोडत नाही.

आता दॅट आणि विच. ओळखीच्या उपवाक्याला दॅट घ्या आणि कॉमा देऊ नका, माहितीच्या उपवाक्याला कॉमा देऊन विच घ्या, एवढं धरून चाललात तर जगात कुठेही तुमचं वाक्य चुकीचं ठरत नाही. ‘द फाइल दॅट यू सेंट यस्टरडे इज करप्टेड’, म्हणजे कालवाली फाइल. ‘द फाइल, विच यू सेंट यस्टरडे, इज करप्टेड’, म्हणजे आपण एकाच फाइलबद्दल बोलतोय, आणि हो, ती काल पाठवली होतीत. ही वाटणी सगळीकडे रूढ करा असं इंग्लंडच्या फाउलर ह्या भाषातज्ज्ञाने १९२६ च्या त्याच्या इंग्रजी वापरावरच्या प्रसिद्ध कोशात सुचवलं होतं, अमेरिकन संपादकांनी ते मनावर घेतलं, ब्रिटिशांनी मात्र अर्धवटच, त्यामुळे ब्रिटिश पेपरात ‘द फाइल विच यू सेंट’ असं कॉमाशिवायचं विच दिसेल आणि तेही बरोबरच आहे. म्हणजे विच दोन्हीकडे फिरतं, कॉमा मात्र फिरत नाही, अर्थ तोच ठरवतो. माणसांसाठी तर बहुतेकदा दोन्हीकडे हूच, मग सगळा भार कॉमावर.

आणि दॅटच्या आधी कॉमा देण्याची आपली जी सवय आहे ती मराठीची आहे. आपण लिहितो ‘त्याने सांगितलं, की तो येणार नाही’, की-च्या आधी स्वल्पविराम द्यायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, तीच उचलून आपण ‘ही सेड, दॅट ही वुड नॉट कम’ लिहितो. तो कॉमा काढा. ‘आय थिंक, दॅट’, ‘वी होप, दॅट’, ‘प्लीज नोट, दॅट’, तिन्ही ठिकाणी काढा. ऑफिसच्या मेलमध्ये ‘प्लीज नोट, दॅट’ मी इतक्या वेळा खोडलंय की आता हात आपोआप जातो.

कॉमा द्यायचा ठरला की दोन द्यायचे, ही त्याच्या पुढची गोष्ट. ‘माय बॉस, हू हॅज जस्ट कम बॅक फ्रॉम दुबई इज ऑन लीव्ह टुडे.’ पहिला दिला, दुसरा विसरला, आणि हे फार होतं, विशेषतः उपवाक्य लांब असलं की, कारण तोपर्यंत लिहिणाऱ्याला सुरुवात आठवत नाही. कंस उघडला की मिटायचा, तसंच हे. उपवाक्य वाक्याच्या शेवटी आलं तर दुसऱ्या कॉमाची जागा पूर्णविराम घेतो, ‘आय मेट माय बॉस, हू हॅज जस्ट कम बॅक फ्रॉम दुबई.’ गावाचं नाव आणि राज्याचं नाव जोडून लिहितानाही तेच, ‘ही मूव्ह्ड फ्रॉम सातारा, महाराष्ट्र, टू कॅनडा’, महाराष्ट्रनंतरचा कॉमा बहुतेक जण विसरतात.

ह्या जोडीच्या कॉम्यांचं सगळ्यात सुंदर उदाहरण आपण लहानपणापासून बघत आलोय, शाळेच्या पुस्तकांत सुरुवातीला छापलेली संविधानाची उद्देशिका. ‘वी, द पीपल ऑफ इंडिया, हॅव्हिंग सॉलम्नली रिझॉल्व्ड…’ इथून जे सुरू होतं ते न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता करत करत खाली जातं आणि शेवटी २६ नोव्हेंबर १९४९ ची तारीख सांगून मग मुख्य क्रियापद येतं, ‘डू हिअरबाय अडॉप्ट, इनॅक्ट अँड गिव्ह टू अवरसेल्व्ह्ज धिस कॉन्स्टिट्यूशन.’ मधलं सगळं बोटाने झाका, काय उरतं? वी डू हिअरबाय अडॉप्ट धिस कॉन्स्टिट्यूशन. आम्ही हे संविधान अंगीकृत करतो. एवढं मोठं वाक्य त्या कॉम्यांनी तोलून धरलंय आणि कर्ता-क्रियापद कुठेही निसटलेलं नाही, मला तर ते वाचताना दर वेळी भरून येतं. मराठी रूपातही तो कॉमा जसाच्या तसा आहे, ‘आम्ही, भारताचे लोक,’ असा. अमेरिकेच्या १७८७ च्या संविधानात मात्र ‘वी द पीपल ऑफ द युनायटेड स्टेट्स’, वी-नंतर कॉमा नाही. तिथे वी आणि द पीपल हे एका दमात, एकच शब्द असल्यासारखे येतात, आपल्याकडे आधी आम्ही म्हटलंय आणि मग आम्ही म्हणजे कोण ते सांगितलंय.

काही शब्द दिसले की विचारच करायला नको. एव्हरी, एनी, ऑल दोज, एनीवन, नो वन, द ओन्ली, ह्यांच्यामागून येणारं हू जवळजवळ नेहमी ओळखीचं असतं, ‘एनीवन हू वॉन्ट्स टी’, ‘एव्हरी स्टुडंट हू अप्लाइड’, कॉमा नाही. उलट ‘सम ऑफ हूम’, ‘ऑल ऑफ विच’, ‘टू ऑफ हूम’ असं आलं की आधी कॉमा हवाच, ‘शी हॅज थ्री डॉटर्स, टू ऑफ हूम आर इंजिनिअर्स.’ व्हेअर आणि व्हेनचंही तेच गणित, ‘पुणे, व्हेअर आय स्टडीड,’ आणि ‘द टाउन व्हेअर आय वॉज बॉर्न’. आणि ‘द मॅन सिटिंग नेक्स्ट टू द ड्रायव्हर’सारख्या आयएनजीवाल्या तुकड्यांनाही हेच लागू.

एक विच मात्र वेगळा आहे, तो मागच्या एका शब्दाला न चिकटता अख्ख्या वाक्याला चिकटतो. ‘द ट्रेन वॉज अ‍ॅन आवर लेट, विच अपसेट एव्हरीवन.’ मराठीत आपण इथे ‘आणि त्यामुळे’ किंवा ‘आणि ह्याचा’ असं काहीतरी म्हणू. ह्याच्या आधी कॉमा लागतोच लागतो. पण ‘शी आन्सर्ड द लेटर, विच सरप्राइज्ड मी’ ह्यात आश्चर्य पत्राचं वाटलं की उत्तर दिल्याचं, हे कॉमा सांगू शकत नाही, त्याची तेवढी ताकद नाही. कामाच्या कागदात असं आलं तर मी सरळ दोन वाक्यं करते.

कुणाला वाटेल एवढ्याशा टिंबाचं एवढं काय. कॅनडात रॉजर्स आणि अ‍ॅलियंट ह्या दोन कंपन्यांचं ह्यावरून मोठं भांडण झालं होतं. रॉजर्सने केबल टाकायला अ‍ॅलियंटच्या ताब्यातले खांब भाड्याने घेतले होते, २००२ चा करार. त्यात असं होतं की करार पाच वर्षं चालेल, कॉमा, आणि त्यानंतर पुढे पाच-पाच वर्षांसाठी चालू राहील, कॉमा, एक वर्षाची नोटीस देऊन कुणी रद्द केला नाही तर. रॉजर्स समजत होती की नोटिशीची अट पुढच्या पाच-पाच वर्षांना आहे, पहिली पाच वर्षं आपण सुरक्षित. पण त्या दुसऱ्या कॉमाने शेवटचा तुकडा त्याच्या शेजारच्या शब्दांपासून तोडून सगळ्या वाक्यावर टांगला, म्हणजे मधलं ‘आणि त्यानंतर’वालं कॉमा-ते-कॉमा उचलून बाजूला ठेवा, उरतं काय तर करार पाच वर्षं चालेल, नोटीस देऊन रद्द केला नाही तर. तिथल्या टेलिकॉम नियामकाने २००६ मध्ये हाच अर्थ लावला आणि अ‍ॅलियंटच्या बाजूने निकाल दिला. प्रश्न लाखो डॉलर्सचा होता. रॉजर्सने मग त्याच मजकुराचं फ्रेंच रूप काढून दाखवलं, त्यात ही संदिग्धता नव्हती, आणि २००७ मध्ये निकाल फिरला. म्हणजे इंग्रजीत दुसरा कॉमा न देता लिहिलं असतं तर वर्षभराची ती लढाईच झाली नसती. करार तपासताना मी ह्या केसची आठवण ठेवते आणि प्रत्येक अनलेस, प्रोव्हायडेड दॅट, एक्सेप्टच्या आधी थांबते.

आता प्रत्यक्षात कसं करायचं. लिहिताना ह्याचा विचार करू नका, विचारांची लय तुटते, आधी सगळं लिहून टाका. मग सर्चमध्ये जाऊन हू शोधा, एकेक ठिकाणी थांबा, कुठला विचारा, ठरवा, पुढे जा. मग विच, मग व्हेअर, मग हूज. दोन पानांच्या कागदाला दहा मिनिटं लागतात. ग्रामरचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर जरूर वापरा पण ह्या बाबतीत त्याच्यावर सोडू नका, कारण तुम्हाला भाऊ किती आहेत हे त्याला माहीत नसतं. ते विच दिसलं की बरेचदा कॉमा सुचवतं, हू दिसलं की बरेचदा गप्प बसतं, आणि भाचीच्या वाक्यावर त्याने हिरवी खूण दिली होती. मनात शंका राहिली आणि वाक्य महत्त्वाचं असलं तर कॉमावर भार टाकण्यापेक्षा वाक्यच बदला, ‘ओन्ली दोज मेंबर्स हू’ म्हणा, म्हणजे कुणाला नियम माहीत नसला तरी चुकीचं वाचता येणार नाही, आमच्या सोसायटीच्या पुढच्या नोटिसा आता अशाच निघतात.

आणि मजकूर दुसऱ्याचा असेल तर त्यालाच विचारायचं, अंदाज करायचा नाही. मध्यंतरी एका आजोबांचं मृत्युपत्र इंग्रजीत करायला आलं होतं. मराठीत वाक्य होतं, नाशिकला राहणारा माझा मुलगा हा राहत्या घराचा मालक होईल. मराठीत ते अगदी स्वच्छ वाटतं, पण मी इंग्रजी टाइप करायला घेतलं, ‘माय सन’ लिहिलं आणि हात थांबला, पुढे कॉमा द्यायचा की नाही हे त्या कागदात कुठेच नव्हतं. मी फोन लावला. "काका, एक घरगुती प्रश्न विचारते, रागावू नका, तुम्हाला मुलगे किती?" ते म्हणाले, "दोन. धाकटा तिकडे जर्मनीत असतो, का हो?" मी त्यांना कारण सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "असं करा, थोरल्याचं नावच घाला, उद्या तो पुण्याला राहायला गेला म्हणजे?" मी ‘माय एल्डर सन’ टाइप केलं, कॉमा दिला, पूर्ण नाव लिहिलं आणि नावानंतर दुसरा कॉमा दिला.